मागच्या सीटच्या जागी स्वतः बनवलेला प्लॅटफॉर्म: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑफ-रोड गाडीची मागची सीट उतरवून तिथे सामानासाठी सपाट प्लॅटफॉर्म बसवणं हे घरच्या हत्यारांनी होण्यासारखं काम आहे. जिगसॉ, ड्रिल, गुण्या, पाणसळ, पान्यांचा संच आणि टॉर्क रेंच (बोल्ट ठरावीक जोरानंच आवळणारा पाना) एवढं हाताशी असलं की पुरतं. बहुतेकांचे प्रश्न मात्र खण किती करावेत, कापड कुठलं लावावं इथूनच सुरू होतात. माझ्या मते पहिला प्रश्न एकच आहे: गाडी अचानक थांबली तर हा प्लॅटफॉर्म वरच्या सामानासकट जागेवर राहील का? त्याचं उत्तर पक्कं झाल्यावर बाकीचं हौसेनं करा.

सीट दुमडून त्यावर फळी टाकली तर चालणार नाही का?

चालेल. वर्षात एखाद-दुसऱ्या सहलीपुरतीच गरज असेल तर तेच करा. पण दुमडलेली सीट बरीच उंची खाते, आणि पाय ठेवायची खोलगट जागा तिच्याखाली वाया जाते. सीट काढली की हीच खोलगट जागा गाडीतला सगळ्यात उपयोगी कप्पा ठरते, कारण ती खाली आहे आणि दोन्ही अक्षांच्या मधे आहे.

ही दुसरी गोष्ट महत्त्वाची. डिकीत, मागच्या अक्षाच्याही मागे ठेवलेलं वजन मागचं स्प्रिंग दाबतं आणि पुढच्या चाकांवरचा भार कमी करतं. मग खड्या चढावर पुढची चाकं हलकी पडतात, स्टिअरिंगची पकड कमी होते, आणि उतारावरून सपाटीला येताना मागचा बंपर जमिनीला घासतो. तेच पाणी, तीच हत्यारं मागच्या सीटच्या जागी आली की गाडी बरीच शहाण्यासारखी चालते.

कायद्याचं आणि विम्याचं काय?

नियम देशागणिक वेगळे आहेत. काही ठिकाणी आसनसंख्या बदलली की नोंदणीत बदल करावा लागतो, काही ठिकाणी तपासणी लागते. काम सुरू करण्याआधी आपल्या वाहन नोंदणी कार्यालयात विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. तोंडी "चालेल हो" यावर विसंबू नका. दाव्याच्या वेळी कागदच बोलतो.

सीट काढताना काय जपायचं?

आधी गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधलं सीट काढण्याचं पान वाचा. सीटमध्ये किंवा तिच्या आसपास एअरबॅगची वायर असू शकते, आणि तिचा कनेक्टर बहुधा पिवळा असतो. असा कनेक्टर दिसला तर बॅटरीची ऋण तार काढून मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा, मगच त्याला हात लावा. त्या वायरवर मल्टिमीटर लावून बघू नका. मीटरच्या लहानशा प्रवाहानंही एअरबॅग फुटण्याचा धोका असतो. सीट काढल्यावर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा पेटून राहिला तर रेझिस्टर जोडून तो विझवण्याचे जुगाड करू नका. तो दिवा पेटलेला असताना काही गाड्यांत पुढच्या एअरबॅगही बंद पडतात. हे काम गाडीतला दोष वाचणारं यंत्र असलेल्या मेकॅनिककडे न्या.

सीटचे बोल्ट सहसा बरेच घट्ट असतात आणि त्यांवर कारखान्यातच थ्रेडलॉक, म्हणजे आटे ढिले होऊ न देणारा डिंक, लावलेलं असतं. टॉर्क्सचं, म्हणजे चांदणीच्या आकाराचं डोकं असेल तर बरोबर मापाचा बिट पूर्ण आत बसवून सरळ जोर लावा. डोकं एकदा झिजलं की अर्धा दिवस त्यातच जातो.

सीट बाहेर आली की खालचा गालिचा उचलून बघा. पुष्कळ गाड्यांत इंधन पंपाचं झाकण मागच्या सीटखालीच असतं. कुठे जॅक असतो, कुठे वायरींचा जुडगा, कुठे पाणी निघून जायची रबरी बुचं. गाडी हायब्रिड असेल तर बॅटरी थंड ठेवणाऱ्या हवेची जाळी अनेकदा तिथेच असते. ती बुजली तर बॅटरी तापते. या सगळ्याचे फोटो काढा आणि तुमच्या प्लॅटफॉर्ममध्ये तिथे हात जाईल असं उचलतं झाकण ठेवा. इंधन पंप बदलायच्या दिवशी सगळा सांगाडा उपसायची वेळ येणार नाही.

प्लॅटफॉर्म गाडीला कसा धरायचा? तळाला भोकं पाडू का?

नको. सीट ज्या भोकांत आवळलेली होती, तीच भोकं वापरा. तिथे तळाच्या पत्र्याखाली मजबुतीचं काम केलेलं असतं आणि नट वेल्ड केलेले असतात. साध्या पत्र्याला भोक पाडून बोल्ट आवळला, तर जोराचा हिसका बसल्यावर वॉशरसकट पत्रा फाटून वर येतो. शिवाय त्याच पत्र्याखालून इंधनाची टाकी, ब्रेकच्या नळ्या आणि वायरिंग गेलेलं असतं. ड्रिलचा बिट कुठे निघेल याचा नेम नाही.

जोर किती येतो, ते मांडून पाहू. गाडी ताशी ५० किलोमीटरनं, म्हणजे सेकंदाला सुमारे १३.९ मीटरनं चालली आहे. ती आदळली आणि पुढचा भाग चेपत चेपत ६० सेंटिमीटरमध्ये थांबली. सरासरी मंदन येतं गुरुत्वाकर्षणाच्या १६ पटींहून थोडं जास्त. भरलेला फ्रिज ४० किलोचा धरला तर तो पुढे जायला सुमारे साडेसहाशे किलोचा जोर लावतो. हा झाला नुसता फ्रिज. पाणी, हत्यारं आणि प्लॅटफॉर्मचं स्वतःचं वजन वेगळं. प्रत्यक्षातला सर्वोच्च जोर सरासरीपेक्षा जास्तच असतो.

आता बोल्टाकडे बघा. ८.८ या मजबुतीच्या ग्रेडचा एम८, म्हणजे ८ मिलिमीटर व्यासाचा बोल्ट ताणाखाली सुमारे २९ किलोन्यूटनला, म्हणजे तीन टनांच्या आसपास तुटतो. म्हणजे चार चांगले बोल्ट असतील तर दगा बोल्टाचा नसतो. दगा होतो तो बोल्टाच्या डोक्याखालच्या प्लायचा आणि फळीत पिळलेल्या लाकडी स्क्रूंचा. म्हणून गाडीच्या भोकापासून फ्रिज बांधायच्या पट्ट्यापर्यंत धातूची साखळी अखंड ठेवा: बोल्ट, मग लोखंडी पाय, मग चौकट, आणि पट्ट्याची कडी थेट चौकटीला. प्लाय हा फक्त वरचा पृष्ठभाग. हे एक सूत्र पाळलं तर बाकीच्या आराखड्यात कितीही मोकळीक घ्या.

सीटची भोकं वेगवेगळ्या उंचीवर आणि तिरकी आहेत. पाय कसे बसवायचे?

बहुतेक गाड्यांत असंच असतं. पुढची भोकं खोलगट भागाच्या कडेला, मागची उंचवट्यावर. प्रत्येक भोकासाठी वेगळा पाय करावा लागतो. ५ किंवा ६ मिलिमीटर जाड लोखंडी पट्टी वाकवून किंवा कोन वापरून पाय बनवा आणि त्यात गोल भोकाऐवजी लांबट खाच ठेवा. त्यानं बसवताना पाच-सात मिलिमीटर इकडेतिकडे सरकवता येतं. आधी सगळे बोल्ट हातानं दोन-तीन आटे फिरवून बसवा, पाणसळ लावून चौकट सपाट करा, आणि मगच आवळा. एक पाय पूर्ण आवळून दुसऱ्याकडे गेलात तर चौथा जागेवर येणार नाही.

गाडी सपाट जमिनीवर उभी आहे ना, ते पाणसळ लावण्याआधी बघा. नाहीतर पाणसळ चौकटीऐवजी जमिनीचा उतार दाखवेल. त्यापेक्षा डिकीच्या तळाला समांतर ठेवणं जास्त सोयीचं.

सीटच्या भोकांचा आटा नीट तपासा. सीटबेल्ट गाडीला धरून ठेवणारे बोल्ट अनेक गाड्यांत ७/१६ इंची बारीक आट्याचे असतात, मेट्रिक नसतात. एम११ किंवा एम१२ जबरदस्तीनं फिरवला तर वेल्ड केलेला नट खराब होतो, आणि तो दुरुस्त करणं किचकट काम आहे.

चौकट कशाची: लाकूड, अ‍ॅल्युमिनियम की लोखंड?

२५ बाय २५ मिलिमीटर, २ मिलिमीटर जाडीचा लोखंडी चौकोनी पाइप मीटरला जवळजवळ दीड किलो भरतो. त्याच मापाचा अ‍ॅल्युमिनियमचा अर्धा किलो. सहा-सात मीटर पाइप लागला तर फरक सहा-सात किलोंचा. लोखंड कोणीही वेल्ड करून देतो, आणि वाकलं तरी एकदम तुटत नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या वेल्डिंगला हातखंडा लागतो, आणि वेल्डजवळ धातू मऊ पडतो. खाचांचे अ‍ॅल्युमिनियम प्रोफाइल, ४० बाय ४० चे, वेल्डिंगशिवाय जोडता येतात आणि नंतर हवं तसं बदलता येतात. पण वॉशबोर्डसारख्या लाटांच्या कच्च्या रस्त्यावर त्यांचे बोल्ट ढिले होतात, म्हणून थ्रेडलॉक लावा आणि पहिल्या मोठ्या प्रवासानंतर सगळे पुन्हा आवळा.

माझी पसंती लोखंडी पाय, अ‍ॅल्युमिनियमची चौकट आणि वर प्लाय याला. दोन धातू जिथे भिडतात तिथे मात्र नायलॉनचा वॉशर किंवा रंगाचा जाड थर द्या. ओल लागली की त्या सांध्यात अ‍ॅल्युमिनियम पांढरं पडून खात जातं.

नुसत्या लाकडाची पेटीही करता येते आणि ती वाईट नाही. फक्त गाडीच्या बोल्टांखाली लोखंडी पट्ट्या आणि सामान बांधायच्या पट्ट्यांच्या कड्यांखाली आरपार बोल्ट हवेतच.

प्लाय किती जाडीचा घ्यावा?

खाली दर ३५ ते ४० सेंटिमीटरला आधार असेल तर १२ मिलिमीटर पुरतो. वर झोपायचं असेल किंवा आधार लांब असतील तर १५. सरसकट १८ घेण्याची सवय सोडा. १३० बाय ८० सेंटिमीटरची फळी १२ मिलिमीटरमध्ये साडेआठ किलोच्या आसपास होते आणि १८ मध्ये पावणेतेरा. ताठरपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो, म्हणजे १८ चा प्लाय १२ च्या तुलनेत जवळजवळ साडेतीन पट ताठ असतो हे खरं. पण मधे एक आडवी पट्टी टाकली की तेवढाच ताठरपणा कमी वजनात मिळतो.

पाण्यात टिकणाऱ्या डिंकाचा प्लाय घ्या, मरीन प्लाय उत्तम. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड घेऊ नका. एकदा ओले बूट आणि बर्फाच्या पेटीचं पाणी लागलं की ते फुगतात, आणि त्यातला स्क्रू बोटानं निघतो. कापलेल्या कडांवर पॉलियुरेथेन किंवा इपॉक्सीचे दोन हात द्या, कारण पाणी कडेनंच शिरतं.

मापं कशी घ्यायची? गाडीच्या आत एकही रेघ सरळ नाही.

टेपनं मोजून थेट प्लाय कापू नका. जाड पुठ्ठ्याचा साचा करा. मधला मोठा चौकोन आधी कापून जागेवर चिकटपट्टीनं घट्ट बसवा, म्हणजे तो हलणार नाही. मग चाकाच्या कमानीच्या आणि दाराच्या कडेला पुठ्ठ्याचे अरुंद तुकडे एकामागोमाग सरकवा. प्रत्येक तुकड्याचं टोक प्लास्टिकच्या कडेला जेमतेम टेकेल एवढंच पुढे न्या आणि तो मधल्या चौकोनावर चिकटवा. वळण जितकं तीव्र तितके तुकडे अरुंद. कमानीजवळ दोन-दोन सेंटिमीटरचे लागतात. पूर्ण झाल्यावर हा साचा उचलून प्लायवर ठेवा आणि टोकांना जोडणारी रेघ मारा.

कापड लावणार असाल तर रेघेच्या आत जागा सोडा. कापड कडेवरून वळून खाली जातं, त्यामुळे त्याची जाडी प्रत्येक कडेला वाढते. चार मिलिमीटर जाडीचं कापड असेल तर दोन्ही बाजूंचे मिळून आठ मिलिमीटर गेले. उचलत्या झाकणांच्या फटींनाही हाच हिशोब लावा, नाहीतर कापड लावल्यावर झाकण जागेवर बसत नाही.

साचा बसवलेला असताना मागची दारं उघडून-मिटून पाहा आणि पुढच्या दोन्ही सीटा पूर्ण मागे सरकवून, पाठ तिरकी करून पाहा. उंच ड्रायव्हरला सीट मागे घेता आली पाहिजे. मागून धडक बसली तर पुढच्या सीटची पाठ मागे झुकते, तेव्हा तिच्या मागे लोखंडी कोपरा असता कामा नये.

फळ्या एकमेकींना कशा जोडायच्या?

प्लायच्या कडेत, म्हणजे थरांच्या मधे पिळलेला स्क्रू सतत गचके खाऊन ढिला होतो. तिथे डिंक आणि स्क्रू दोन्ही हवेत, आणि आतून कोपऱ्यात लाकडी पट्टी किंवा कोन. वारंवार काढायच्या जागी प्लायमध्ये टी-नट (लाकडात रुतणाऱ्या दातांचा नट) ठोका आणि मशीनचा बोल्ट वापरा. टी-नट नेहमी खेचणाऱ्या बोल्टाच्या उलट्या बाजूनं बसवा, म्हणजे आवळताना तो लाकडात आणखी रुततो. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सहज ढिले न होणारे) आणि मोठ्या व्यासाचे वॉशर सगळीकडे.

फ्रिज बसवायचा आहे. वायर कुठली?

आधी उंची. फ्रिज प्लॅटफॉर्मवर ठेवला की झाकण छताला लागतं का, आणि तुमचा हात तळापर्यंत पोचतो का, ते पुठ्ठ्याच्या खोक्यानं तपासा. अनेकदा फ्रिजसाठी प्लॅटफॉर्म एका बाजूला खाली उतरवावा लागतो. कंप्रेसरच्या जाळीभोवती हवा खेळायला जागा सोडा. कोंडलेला फ्रिज सतत चालतो आणि बॅटरी संपवतो.

१२ व्होल्टच्या फ्रिजची सगळ्यात नेहमीची तक्रार, "बॅटरी चांगली असून फ्रिज बंद पडतो", ही बारीक वायरीची असते. बॅटरीपासून फ्रिजपर्यंत ५ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन १० मीटर तांबं. २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत याचा रोध साधारण ०.०७ ओहम, ५ अ‍ॅम्पिअरला ०.३५ व्होल्ट वायरीतच जातात. ६ चौरस मिलिमीटर घेतली तर ०.१५ व्होल्ट. बॅटरी थोडी उतरलेली असताना एवढ्या फरकावर फ्रिजचा संरक्षक स्विच त्याला बंद करतो. म्हणून ६ घ्या, आणि सिगारेट लायटरच्या सॉकेटऐवजी घट्ट बसणारा कनेक्टर लावा. फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका जवळ हवा, कारण तो वायरीला वाचवतो. वायर पत्र्यातून जिथे जाते तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसणारी कडी, बसवा.

पुढच्या सीटांमागे जाळी लागेलच का?

हो. मागच्या सीटची पाठ ही सामान अडवणारी भिंतही होती, हे सहसा लक्षात येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आर१७ या सीटविषयक नियमात डिकीतल्या सामानाची चाचणी आहे: प्रत्येकी १८ किलोचे दोन ठोकळे मागे ठेवून सुमारे ताशी ५० किलोमीटरच्या धडकेत सीटची पाठ ते रोखते का, हे पाहतात. ती पाठ तुम्ही काढलीत, तर तिच्या जागी गाडीच्या खांबांना बोल्टनं धरलेली लोखंडी जाळी हवी. कापडी जाळी कपडे आणि झोपायच्या पिशव्यांपुरती ठीक. अवजड वस्तू तर जाळी असली तरी रॅचेट पट्ट्यानं बांधायच्याच.

कुठली वस्तू कुठे ठेवावी?

पाणी, हत्यारं, चाकांत हवा भरायचा कंप्रेसर आणि ओढायच्या साखळ्या खोलगट जागेत, तळाशी. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि ४० लिटरची अर्धी भरलेली टाकी आतल्या आत उसळते. दोन लहान कॅन बरे. गाडी रुतल्यावर लागणारं सामान मात्र दार उघडताच हाती आलं पाहिजे. सगळं उपसल्याशिवाय खोरं निघत नसेल तर मांडणी चुकली.

यावर झोपता येईल का?

पाय पुरेसे पसरायला आपल्या उंचीपेक्षा दहा-पंधरा सेंटिमीटर जास्त लांबी लागते. आखूड गाडीत पुढची सीट पूर्ण पुढे सरकवून बिजागरीची फळी उघडावी लागते. त्या फळीला खालून स्वतःचा पाय द्या. सीटच्या पाठीवर टेकवू नका. प्लॅटफॉर्मची उंची ठरवण्याआधी गादी अंथरून तिथे बसून बघा. मान वाकवून बसावं लागत असेल तर पावसाळी संध्याकाळ फार लांब वाटते.

प्रवासात माणूस किंवा कुत्रा वर बसला तर?

माणूस कधीच नाही, अगदी अर्ध्या किलोमीटरसाठीही नाही. तिथे सीट नाही, पाठ नाही, पट्टा नाही. लहान मूल नेहमी बरोबर असेल तर ६०-४० विभागलेल्या सीटचा एक भागच काढा आणि प्लॅटफॉर्म तेवढ्याच रुंदीचा करा. चांगला पर्याय आहे तो. कुत्र्यासाठी अंगावरचा पट्टा, तो चौकटीच्या कडीला अडकवलेला, आणि न घसरणारी चटई.

खडखडाट आणि कुरकुर कशी थांबवायची?

लाकूड लाकडाला, लाकूड प्लास्टिकला आणि धातू धातूला जिथे टेकतो तिथे काहीतरी मऊ हवं. पायांखाली ३ मिलिमीटरची रबरी चकती, झाकणांच्या काठाला फेल्टची पट्टी, आणि कडी-कोयंड्याऐवजी दाबून बंद होणारी खिट्टी. आवाज शोधायचा असेल तर एकानं हळू गाडी चालवावी आणि दुसऱ्यानं शेजारच्या सीटवरून हात मागे नेऊन एकेक झाकण दाबून बघावं. दाबल्यावर आवाज थांबला की सापडलं.

एकूण वजन किती असावं?

काढलेल्या सीटचं वजन न्हाणीघरातल्या काट्यावर करा आणि तो आकडा प्लॅटफॉर्मची मर्यादा माना. रिकामा प्लॅटफॉर्म त्याहून हलका हवा. मग सगळं सामान, पूर्ण टाकी आणि नेहमीची माणसं घेऊन वजनकाट्यावर जा, आणि गाडीच्या पाटीवरच्या कमाल वजनाशी ताडून पाहा. मागच्या अक्षाचं वजन वेगळं करता आलं तर अधिक चांगलं.

सीट परत कधी बसवावी लागली तर?

काढल्या दिवशीच बोल्ट कुठला कुठे ते लिहून पिशवीत घाला आणि ती पिशवी सीटलाच बांधा. सीट कोरड्या जागी, उभी, सुती चादरीत ठेवा. प्लास्टिकात गुंडाळली तर आत बुरशी धरते. मोकळ्या राहिलेल्या भोकांत बुचं घाला, म्हणजे माती जाऊन आटे खराब होणार नाहीत. परत बसवताना मॅन्युअलमधल्या टॉर्कलाच आवळा, पट्टे ओढून बघा, आणि मग बॅटरी जोडून एअरबॅगचा दिवा विझतो ना, हे पाहा.